संगणक सुरू होत नाही? आधी तो कुठं थांबला ते बघा



"सर, चार नंबरचा कम्प्युटर चालूच नाही होऊन राहिला जी!" आपल्या भंडारा जिल्ह्यात संगणक शिकवणाऱ्या कोणालाही हे वाक्य नवीन नाही. मग काय होतं? मशीनवर 'बंद आहे' अशी चिठ्ठी लागते. एका कम्प्युटरवर दोघं बसत होती, ती चौघं बसू लागतात. दोघं काम करतात, दोघं बघतात. महिनाभरानं दुसऱ्या मशीनवर चिठ्ठी लागते.

आंबागडसारख्या गावात ही चिठ्ठी लवकर निघत नाही. तुमसर तालुक्यातलं, सातपुड्याच्या डोंगरांना लागून, किल्ल्याच्या पायथ्याचं हे गाव. अशा ठिकाणी मेकॅनिक बोलवायचा म्हणजे तो तुमसरहून नाहीतर भंडाऱ्याहून येणार. त्याचा एक फेरा सुटा होत नाही, म्हणून 'दोन-तीन मशीन जमू द्या, मग बोलावू' असं ठरतं. घरच्या कम्प्युटरचंही तेच. गाडीवर मागं बसून मांडीवर डबा धरून न्यायचा आणि तिथं कळायचं की नुसती वायर ढिली होती.

म्हणून आज हा पाठ. मेकॅनिक होण्यासाठी नाही. मेकॅनिकला बोलवायचं की नाही, आणि बोलवायचं तर काय सांगायचं, एवढं आपल्याला आणि आपल्या मुलांना ठरवता यावं यासाठी.

'बंद पडला' हे निदान नाही

सरकारी दवाखान्यात केसपेपर काढल्यावर डॉक्टर 'बरं नाही' एवढंच लिहून घेत नाहीत. कधीपासून, कुठं दुखतं, ताप आधी आला की उलटी, असं विचारतात. कम्प्युटरलाही तसंच विचारायचं आणि त्याला विचारायचा मुख्य प्रश्न एकच: बाबा, तू कुठपर्यंत पोचलास?

बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत आत कामं एकामागून एक होतात. भिंतीतली २३० व्होल्टची वीज एसएमपीएस या पेटीत जाते. तिथं तिचं १२, ५ आणि ३.३ व्होल्ट डीसी होतं. मदरबोर्डला वीज मिळाली की तो आधी स्वतःचीच तपासणी करतो: प्रोसेसर आहे का, रॅम आहे का, चित्र दाखवायची सोय आहे का, कीबोर्ड आहे का. या तपासणीला पोस्ट म्हणतात, म्हणजे पॉवर ऑन सेल्फ टेस्ट. १९८१ साली आलेल्या पहिल्या आयबीएम पीसीतही ती होती, आजही आहे. ती पार पडली की मशीन हार्ड डिस्ककडे जाऊन विंडोज किंवा उबुंटू जे काही असेल ते शोधतं, आणि शेवटी ते उघडतं.

यातलं मागचं काम झालं नाही तर पुढचं होत नाही. उलटं बघितलं तर, पुढचं काहीतरी दिसलं म्हणजे मागचं ठीक आहे. पडद्यावर कंपनीचा लोगो आला आणि मग मशीन थांबलं, तर वीज, रॅम, मॉनिटर यांना हात लावायचं कारणच नाही. निम्मी शोधाशोध इथंच वाचते. तरीसुद्धा लोक लोगो दिसत असताना पॉवर केबल हलवत बसतात!

काहीच हालचाल नाही: ना दिवा, ना पंखा

इथं भिंतीपासून सुरुवात करायची. खोलीत ट्यूबलाइट लागते का? त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर चालतो का? सॉकेट चांगलं असेल तर पुढं एक्स्टेन्शन बोर्ड, मग यूपीएस, मग केबल, मग एसएमपीएसच्या मागचं छोटं बटण. त्या बटणावर एक उभी रेघ आणि एक गोल असतो. रेघेकडची बाजू दाबलेली म्हणजे चालू. झाडताना, पुसताना ते बंद होतं आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

यूपीएसवर विश्वास ठेवू नका. आतली १२ व्होल्टची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षं चालते, आणि आपल्याकडे लाईट जितकी जास्त जाते तितकी ती लवकर संपते. काही यूपीएस बॅटरी मेली की भिंतीत वीज असूनही सुरूच होत नाहीत. म्हणून यूपीएस बाजूला ठेवून कम्प्युटर थेट सॉकेटला लावून बघा. केबलवर शंका असेल तर मॉनिटरची केबल काढून सीपीयूला लावा. बहुतेक ठिकाणी दोन्हींना तीच केबल चालते. मॉनिटर तिच्यावर चालत होता, म्हणजे ती चांगली.

काही जुन्या एसएमपीएसला मागं एक लाल सरकतं बटण असतं, त्यावर ११५ किंवा २३० असा आकडा दिसतो. ते आपल्या देशात कायम २३० वरच असलं पाहिजे. ११५ वर सरकवून वीज दिली की फाट्दिशी आवाज येतो आणि एसएमपीएस जातो. मुलांना लाल रंगाचं आकर्षण, त्यामुळं त्यावर आधीच चिकटपट्टी मारून ठेवलेली बरी.

धानाला पाणी देण्याच्या दिवसांत गावातले मोटारपंप एकदम चालू होतात आणि व्होल्टेज खाली येतं. ट्यूब फडफडते, पंखा हळू फिरतो, आणि कम्प्युटर सुरू व्हायला नकार देतो. हा बिघाड नव्हे. मशीन बदलून, केबल बदलून उपयोग नाही. पंप बंद झाल्यावर पुन्हा बघा. एखादा कम्प्युटर रोज ठरावीक वेळीच सुरू होत नसेल तर संशय घड्याळाकडे न्या.

सगळं तपासूनही मशीन गप्पच असेल तर एक साधा उपाय आहे. केबल काढा, पुढचं पॉवर बटण वीस-तीस सेकंद दाबून धरा, दोन-चार मिनिटं थांबा, मग पुन्हा लावा. विजेचा झटका आला की एसएमपीएस कधी कधी स्वतःला वाचवायला कुलूप लावून बसतो. आतली उरलेली वीज निघून गेली की ते कुलूप उघडतं. एवढ्यानं सुरू झालेली मशीन थोडीथोडकी नाहीत.

एसएमपीएसची पेटी मात्र कोणीही उघडायची नाही. विद्यार्थ्यांनी नाही, शिक्षकांनीही नाही. २३० व्होल्ट हा एसीचा परिणामी आकडा आहे, त्याचं शिखर २३० गुणिले १.४१ म्हणजे जवळपास ३२५ व्होल्ट. एसएमपीएसमधले मोठे कपॅसिटर साधारण तेवढ्या व्होल्टला भरतात, आणि केबल काढल्यावरही काही वेळ भरलेले राहू शकतात. अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात जरूर घ्यावं.

आधी अर्थिंग, मग कम्प्युटर

हा मुद्दा विषयाला थोडा बाजूला आहे, पण मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. 'सर, डब्याला हात लावला की मुंग्या येतात' असं मूल म्हणालं तर हसण्यावारी नेऊ नका.

तीन पिनांच्या प्लगमधली जाड, लांब पिन अर्थिंगची. एसएमपीएसच्या आत गाळणीसाठी लावलेल्या छोट्या कपॅसिटरमधून थोडी वीज लोखंडी डब्यावर येत असते आणि अर्थिंगमधून ती जमिनीत निघून जाते. अर्थिंग नसेल तर तिला वाट राहत नाही. मग डब्यावर जवळपास निम्मं व्होल्टेज उभं राहतं. प्रवाह फार थोडा असतो म्हणून नुसत्या मुंग्या येतात. पण पाच-सहा मशीन एकाच एक्स्टेन्शनवर आणि त्या एक्स्टेन्शनची अर्थिंगची वायर तुटलेली, असं असेल तर सगळ्यांच्या गळतीची बेरीज होते. आणि आपण तर धूळ नको म्हणून मुलांना चपला बाहेर काढायला लावतो! पावसाळ्यात ओलसर फरशी, अनवाणी पाय आणि लोखंडी डबा. हे तीन एकत्र येऊ द्यायचे नाहीत. चपला बाहेर राहू द्या, पण पायाखाली रबरी चटई किंवा निदान कोरडी जाड दरी हवी, आणि अर्थिंग वायरमनकडून वर्षातून एकदा तपासून घ्यायलाच हवी. मशीन चालतं म्हणजे अर्थिंग आहे, असं समजू नका. अर्थिंगशिवाय कम्प्युटर मजेत चालतो.

दिवा लागतो, पंखा फिरतो, पडदा काळाच

आधी मॉनिटर निर्दोष आहे का ते पाहायचं. त्याला वीज चालू ठेवून, सीपीयूकडून येणारी चित्राची केबल काढा. मॉनिटर चांगला असेल तर 'नो सिग्नल' किंवा 'चेक केबल' असं काहीतरी क्षणभर तरी दाखवतो. दाखवलं, म्हणजे दोष डब्याकडं. निळ्या टोकाच्या जुन्या व्हीजीए केबलला पंधरा पिना असतात, त्यातली एखादी वाकलेली नाही ना तेही बघा. आणि डब्याच्या मागं चित्राची दोन ठिकाणं असतील, एक वर आणि एक खाली आडवं, तर वेगळं ग्राफिक कार्ड बसवलेलं आहे. केबल खालच्या आडव्या जागेत लावायची.

यानंतर माझा पहिला संशय रॅमवर असतो. आपल्याकडे उन्हाळ्यात संगणक कक्ष दीड-दोन महिने बंद राहतो, मे महिन्यात पारा ४५च्या आसपास, मग लगेच मृगाची दमट हवा. रॅमच्या पट्टीच्या सोनेरी टोकांवर मळ धरतो, ती खाचेत नीट टेकत नाही, आणि पोस्टमध्ये मशीन तिथंच अडतं. काही मशीन अशा वेळी थांबून थांबून लांब बीप वाजवतात. बीपची भाषा प्रत्येक कंपनीची वेगळी, आणि अलीकडच्या कित्येक डब्यांत बीपचा स्पीकरच नसतो, म्हणून बीप नाही तर दोष नाही असं समजू नये.

उपाय आपल्या कंपासपेटीत आहे. केबल पूर्ण काढा. डब्याची बाजूची पत्र्याची झाकणी उघडा. हात डब्याच्या लोखंडाला एकदा लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाईल (नायलॉनचे कपडे घालून हे काम करू नये). रॅमच्या दोन्ही टोकांचे चिमटे बाहेर दाबले की पट्टी वर येते. कडेला धरून ती काढायची आणि सोनेरी टोकं पांढऱ्या खोडरबरानं हलक्या हातानं, एकाच दिशेनं पुसायची. खोडरबराचा भुगा खाचेत पडू द्यायचा नाही. कोरड्या ब्रशनं झटकून टाका, तोंडानं फुंकर मारू नका, थुंकीचा ओलावा जातो. परत बसवताना पट्टीतली खाच आणि जागेतला उंचवटा जुळला पाहिजे. दोन्ही चिमटे 'टक्' वाजून बसले पाहिजेत. पट्ट्या दोन असतील तर एकेक लावून बघा: हिच्यावर सुरू होतं, तिच्यावर नाही, म्हणजे दोषी सापडली.

'एकेक' हा शब्द मुलांच्या मनावर ठसवा. रॅम पुसली, केबल बदलली, यूपीएस काढला आणि मग मशीन सुरू झालं, तर दोष कुठं होता? सांगता येणार नाही. विज्ञानाच्या प्रयोगात आपण एकच घटक बदलतो आणि बाकीचे तसेच ठेवतो. इथंही तसंच.

डबा उघडलाच आहे तर आत डोकवा. पाल, मुंग्यांचं वारूळ, उंदरानं कुरतडलेली वायर, कोंड्याची धूळ, काय निघेल सांगता येत नाही. वायर कुरतडलेली असेल तर तिथंच थांबा. मदरबोर्डवर उभ्या डब्यांसारखे छोटे गोल कपॅसिटर असतात. त्यांचं डोकं सपाट हवं. फुगलेलं किंवा वर तपकिरी पाझर दिसला तर ते मेकॅनिकचं काम. २००० नंतरच्या काही वर्षांत जगभर सदोष कपॅसिटर बाजारात आले होते, त्या काळातली मशीन शाळेत असतील तर हे हमखास बघावं.

सुरू होऊन दोन-चार मिनिटांत बंद पडत असेल तर बहुधा प्रोसेसर तापतो आहे. पंखा धुळीनं भरलेला असतो. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवायचा, तो गरगरा फिरू द्यायचा नाही.

अक्षरं येतात, मग 'एफ १ दाबा'

ही पायरी सोपी आहे. मदरबोर्डवर रुपयाएवढा एक चपटा सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. कम्प्युटर बंद असताना तारीख-वेळ आणि काही सेटिंग जपायचं काम त्याचं. तो संपला की मशीन दर वेळी एफ १ दाबायला सांगतं आणि तारीख कित्येक वर्षं मागं जाते. पालकांनो, हे तुमच्या कामाचं: घरच्या कम्प्युटरवर अचानक शिष्यवृत्तीच्या अर्जाचं पान उघडेना, 'कनेक्शन सुरक्षित नाही' असं येऊ लागलं, तर आधी खालच्या कोपऱ्यातली तारीख बघा. तारीख चुकली की वेबसाइटचं प्रमाणपत्र कम्प्युटरला खोटं वाटतं, नेट चांगलं असूनही. सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो, अधिकची खूण वर ठेवून बसवायचा. काढलेला सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. तो गिळला तर अन्ननलिकेला काही तासांतच गंभीर इजा होते.

कीबोर्ड सापडत नाही आणि पुढं जायला एफ १ दाबा, असाही एक जुना संदेश आहे. कोणत्या कीबोर्डवर दाबायचा, हे तो लिहिणाऱ्यालाच माहीत. मुलांना हा विनोद फार आवडतो.

लोगो येतो, पुढं काही नाही

'नो बूटेबल डिव्हाइस' दिसलं तर आधी पेनड्राइव्ह काढा. मशीन त्यात विंडोज शोधत बसलेलं असतं. पेनड्राइव्ह नसेल तर हार्ड डिस्कच्या दोन वायरी, एक विजेची आणि एक माहितीची, मशीन बंद करून घट्ट बसवा. विंडोज १० आणि ११ सुरू होता होता दोन-तीनदा अडखळले की आपणच दुरुस्तीचा निळा पडदा दाखवतात. त्यातलं स्टार्टअप रिपेअर करून बघायला हरकत नाही.

हार्ड डिस्कमधून 'कट् कट्' असा आवाज येत असेल तर मात्र मशीन लगेच बंद करा आणि 'अजून एकदा बघू' म्हणू नका. प्रत्येक वेळी सुरू करताना आतली माहिती आणखी खरवडली जाऊ शकते.

आणि इथंच खरं नुकसान होतं. कम्प्युटर बिघडला म्हणून नाही, तो दुरुस्त झाला म्हणून! बरेच मेकॅनिक वेळ वाचवायला थेट फॉरमॅट करून नवं विंडोज टाकतात. कम्प्युटर संध्याकाळी झकास परत येतो आणि मूल्यमापनाच्या एक्सेल शीट, दहावीच्या मुलांच्या प्रकल्पांच्या फाइल, पाच वर्षांच्या स्नेहसंमेलनांचे फोटो गेलेले असतात. 'डी ड्राइव्हला हात लावला नाही सर' हे उत्तर खरं असतं, पण डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर सहसा सी ड्राइव्हमध्येच असतात, आणि आपण सगळं डेस्कटॉपवरच ठेवतो.

विंडोज उघडत नाही म्हणजे फाइल गेल्या असं नाही. डिस्क जिवंत असेल तर पेनड्राइव्हवरून उबुंटू सुरू करून, काहीही न बसवता, फाइल दुसरीकडे उतरवता येतात. किंवा ती डिस्क दुसऱ्या मशीनला जोडूनही. हे मेकॅनिकला येतं, फक्त ते करायला सांगावं लागतं. म्हणून मशीन देताना डब्यावर कागद चिकटवा: 'फॉरमॅट करू नये. आधी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स उतरवून द्यावे.' तोंडी सांगितलेलं दुकानात गर्दीत विसरलं जातं.

केसपेपर

प्रत्येक मशीनसाठी एक पुठ्ठा करा आणि डब्याला दोरीनं बांधा. बिघाड झाला की मुलांनी त्यावर लिहायचं: तारीख, आदल्या दिवशी काय घडलं (लाईट गेली होती का, विजा झाल्या का, कोणी मशीन सरकवलं का), मशीन कुठपर्यंत पोचलं, काय एक बदल केला, काय झालं. एखादी नोंद अशी होईल: '२ जुलै. काल रात्री विजा. पंखा फिरतो, पडदा काळा. मॉनिटर नो सिग्नल दाखवतो. रॅम पुसली, सुरू झालं.' सातवीचं मूल हे लिहू शकतं. पाचवी-सहावीच्या मुलांनी भिंत ते केबल एवढंच बघावं, डबा उघडणं आठवीपासून पुढं आणि शिक्षक समोर असतानाच.

मेकॅनिकला फोन करायचा झाला तर तोच पुठ्ठा हातात घेऊन मूलच बोलू द्या. 'लोगो येतो, मग नो बूटेबल डिव्हाइस. पेनड्राइव्ह नाही. वायरी बसवून बघितल्या' असं ऐकल्यावर तो येताना हार्ड डिस्क सोबत घेऊनच येतो आणि दुसरा फेरा वाचतो.

विदर्भात आपल्या शाळा जूनच्या शेवटाकडे उघडतात. त्या आठवड्यात तास सुरू व्हायच्या आधी सगळी मशीन एकदा झटकून, पुसून, तासभर चालू ठेवा. सेल गेलेली, रॅम मळलेली मशीन तेव्हाच कळतील. आणि सुटी लागताना नुसतं बटण बंद करून जाऊ नका, प्लग सॉकेटमधून बाहेर काढा, नेटची वायरसुद्धा. रोहिणी-मृगाच्या विजा दोन्हीकडून येतात.